न चालणाऱ्या इंजिनाचा धर्म

वैरागला रूळ कधी आले नाहीत. बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या या गावाची आगगाडी म्हणजे बार्शीची, आणि बार्शीची म्हणजे बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९५ मध्ये लंडनला कंपनी काढली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी दोन फूट सहा इंच गेजची गाडी सुरू केली. १९०६ मध्ये हे रूळ पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचले. १९५४ साली सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत सगळा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. वाफेची इंजिने त्याच्याही आधी गेली होती. आता या भागात कोणाला ते इंजिन हातात घेऊन पाहावेसे वाटले, तर एक स्वस्त वाट उरते. जुन्या वह्यांचे पुठ्ठे, लग्नपत्रिकांचा जाड कागद, पाइपचा तुकडा, टाचण्या, डिंक आणि काळा रंग एवढ्यावर काम भागते. पाइपचा बॉयलर होतो, पुठ्ठ्याची पाण्याची टाकी आणि केबिन होते, टाचण्यांच्या डोक्यांचे रिव्हेट होतात. इंजिन उभे राहते, पण चालत नाही. त्यात आग नाही, पाणी नाही, वाफ नाही. मग ही वस्तू आहे तरी काय? प्रश्न छंदाचा वाटतो, पण धर्म आणि तत्त्वज्ञान यांतल्या फार जुन्या वादाशी तो जोडलेला आहे. ज्या कामासाठी वस्तू घडली ते काम काढून घेतल्यावर जे मागे उरते, त्यात काही सत्य असते का? माझे म्हणणे असे की असते. इतकेच काय, न चालणारी, स्वस्त आणि आपले पुठ्ठेपण न लपवणारी प्रतिकृती ही चालणाऱ्या महागड्या प्रतिकृतीपेक्षा मूळ इंजिनाशी अधिक प्रामाणिक राहू शकते.

याविरुद्धचा सर्वांत भक्कम पक्ष ॲरिस्टॉटलने मांडून ठेवला आहे. आत्म्याविषयीच्या ग्रंथात तो म्हणतो की डोळ्याचे डोळेपण पाहण्यात आहे. दगडात कोरलेला किंवा भिंतीवर रंगवलेला डोळा नावापुरताच डोळा. कुऱ्हाडीतून तोडण्याची शक्ती गेली, तर उरते ती नावाची कुऱ्हाड. या हिशेबाने पुठ्ठ्याचे इंजिन हे इंजिनच नव्हे. आपल्याकडे न्यायसूत्रांत हाच पेच मातीच्या गाईवरून उभा राहतो. ‘गाय’ म्हटल्यावर नेमके काय कळते, समोरची एक व्यक्ती, तिची आकृती की गाईंची जाती, असा तिथे वाद आहे. जातीचा पक्ष घेणारा म्हणतो, मातीच्या गाईला व्यक्तिपण आहे आणि आकृतीही आहे. तरी विधीत गाईवर पाणी शिंपडायला सांगितले तर कोणी मातीच्या गाईवर शिंपडत नाही. अर्थात गाईचे गाईपण तिच्या आकारात नाही. पुठ्ठ्याच्या इंजिनाला हा आक्षेप जसाच्या तसा लागू पडतो. धुराडे आहे, चाके आहेत, टाकी आहे. फक्त ज्यामुळे इंजिनाला इंजिन म्हणतात तेवढेच नाही.

पण नैयायिक तिथे थांबले नाहीत. त्यांचा सिद्धांत असा की व्यक्ती, आकृती आणि जाती या तिन्ही गोष्टी शब्दाच्या अर्थात येतात. प्रसंगानुसार कधी एक प्रधान होते, कधी दुसरी. पिठाच्या गाई करा असे सांगितले तर ऐकणारा गोंधळत नाही, कारण तिथे आकृतीलाच महत्त्व आहे हे त्याला कळते. महाराष्ट्रातला शेतकरी तर याच्याही पुढे गेला. सूत्रातल्या वादात मातीच्या गाईवर कोणी विधी करत नाही, हे उघड सत्य म्हणून गृहीत धरले आहे. आपल्याकडे मात्र कुठे बेंदराला, कुठे पोळ्याला, ज्यांच्या दावणीला बैल नाही ते मातीचे बैल आणतात, पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. त्या घरातल्या कोणालाही हा बैल नांगर ओढेल असे वाटत नसते. याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या घरी खरा बैल असतो, तिथेही त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, सणाच्या दिवशी त्याला कामातून मोकळीक असते. खंडेनवमीलाही अवजारे आणि यंत्रे बंद ठेवून, पुसून, फुले वाहून पुजली जातात. म्हणजे पूजेच्या दिवशी खरा बैलही न चालणारा बैल असतो आणि खरे यंत्रही न चालणारे यंत्र. काम थांबवल्याशिवाय कामाबद्दलची कृतज्ञता नीट व्यक्त होत नाही, असे आपल्या लोकधर्माने ठरवलेले दिसते. मातीचा बैल त्या थांबलेल्या बैलाची प्रतिकृती आहे, आणि त्या अर्थी तो तंतोतंत खरा आहे.

इथे कोणी म्हणेल, की देवाधर्माच्या वस्तूंची गोष्ट निराळी. आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या आणि देहूहून तुकारामांच्या पादुका पालखीतून पंढरपूरला जातात. त्या घालून कोणी चालत नाही, तरी लाखो माणसे त्यांच्या मागे चालतात. पण त्या पादुकांमागे संप्रदाय आहे, परंपरा आहे, श्रद्धा आहे. लीड्सच्या किटसन कारखान्यात घडलेल्या बार्शी लाइटच्या इंजिनामागे काय आहे? आक्षेप रास्त आहे, आणि इंजिनाला देव्हाऱ्यात बसवा असे मी म्हणतही नाही. मुद्दा एवढाच की ज्या वस्तूने स्वतःचे काम सोडले आहे, तीही माणसाला एखाद्या गोष्टीशी बांधून ठेवू शकते, हे ज्या समाजाने पादुकांच्या बाबतीत मान्य केले, त्याला ‘चालत नाही म्हणून व्यर्थ’ हा युक्तिवाद इंजिनाच्या बाबतीत सरसकट वापरता येणार नाही. प्रतिकृती कशाशी बांधून ठेवते आणि ते बांधणे प्रामाणिक आहे का, हे तपासावे लागेल.

तर पुठ्ठ्याचे इंजिन कशाशी बांधून ठेवते? सर्वप्रथम मापाशी. दोन फूट सहा इंच म्हणजे तीस इंच. एकास तीस हे प्रमाण धरले, तर दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर बरोबर एक इंच येते. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी त्याला पुरते, आणि मूळ इंजिनाचे प्रत्येक माप तिसाने भागत गेले की काम पुढे सरकते. असे करताना एका जागी हात थांबतो. किटसनने बार्शीसाठी केलेल्या पहिल्या इंजिनांना एकमेकांना जोडलेल्या चालत्या चाकांच्या चार जोड्या आहेत, आणि मागे आणखी दोन आसांची छोटी बोगी. एवढ्याशा गेजवर इतकी चाके कशाला? उत्तर कॅलथ्रॉपच्या मूळ विचारात आहे. त्याने ठरवले होते की कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, म्हणजे हलक्या, स्वस्त रुळांवर काम भागेल. आणि डब्यांनाही हाच नियम, म्हणजे रुळांची ताकद वाया जाणार नाही. पण इंजिनाला ओढायचे बळ चालत्या चाकांवरच्या वजनातून मिळते. एका आसावर पाचच टन ठेवायचे, तर पुरेशा पकडीसाठी आसांची संख्या वाढवावी लागते. चार आसांवर वीस टन. पुठ्ठ्याच्या आठ चकत्या कापणाऱ्याला हा हिशेब समजून घ्यावाच लागतो, नाहीतर चाके तिथे का आहेत हे कळत नाही. यंत्राची आकृती म्हणजे त्याच्यावर चढवलेले कातडे नसते. ती यंत्राच्या मागचा विचार असते, दिसेल अशा रूपात मांडलेला. ओतकामाची रीत पाहिली तरी हेच दिसते. चाक किंवा सिलिंडर ओतायचा, तर आधी त्याचा लाकडी पॅटर्न करतात, तो वाळूत दाबतात आणि मग धातू ओततात. म्हणजे प्रत्येक चालणाऱ्या इंजिनाच्या आधी त्याचे न चालणारे लाकडी अवयव अस्तित्वात असतात. आकृती हे कामाचे उरलेले टरफल असते, हे म्हणणे इथे उलटे पडते. काम जन्माला येण्याआधी आकृती तयार होती. आपल्या शिल्पशास्त्रानेही मूर्तीला आधी तालमान दिले, चेहऱ्याच्या पटीत सर्व अंगांचे माप बांधले, आणि प्राणप्रतिष्ठा त्यानंतर ठेवली.

आता चालणाऱ्या प्रतिकृतीकडे वळू, कारण खरा कस तिथे लागतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चालत्या प्रतिकृतींत विजेची छोटी मोटर असते. चाके फिरतात, दांडे पुढेमागे होतात, काहींत धूरही निघतो. पाहणाऱ्याला वाटते, हे खऱ्याच्या अधिक जवळ आहे. पण आत काय घडते ते पाहावे. वाफेच्या इंजिनात वाफ पिस्टनला ढकलते, पिस्टन दांड्याला, दांडा चाकाला. मोटरच्या प्रतिकृतीत मोटर आस फिरवते, आस चाक फिरवते, आणि चाक दांड्याला नि पिस्टनला आपल्यामागे ओढत नेते. दिसायला हालचाल तीच, पण कार्यकारणाची दिशा उलटी. जे कारण होते ते तिथे परिणाम झाले आहे. ज्याला कार्यकारणभावाची चाड आहे, त्याने याला अधिक खरे म्हणणे कठीण आहे. मग खरी वाफ वापरून चालवली तर? तशाही प्रतिकृती असतात, आणि त्या करणाऱ्यांचे कसब मोठे. पण निसर्ग आपले नियम मापाबरोबर लहान करत नाही. एकास तीस प्रमाणात बॉयलरचा पृष्ठभाग नऊशे पटींनी घटतो, तर आतल्या पाण्याचे आकारमान सत्तावीस हजार पटींनी. पाण्याच्या मानाने उष्णता निसटून जायची वाट तीसपट मोठी होते. त्यामुळे छोट्या बॉयलरला मोठ्याहून वेगळी रचना, वेगळे इंधन लागते, आणि तो मूळ इंजिनाचे चालणे दाखवण्याऐवजी स्वतःचे चालू लागतो. त्यात वाईट काही नाही. ते एक नवे, छोटे, खरे यंत्र आहे. पण बार्शी लाइटच्या इंजिनाबद्दल ते काही गोष्टी सांगते आणि काहींबाबत नकळत चुकीचे सांगते. पुठ्ठ्याचे इंजिन चालण्याबद्दल गप्प राहते. ज्याची माहिती देता येत नाही, त्याबद्दल गप्प राहणे हा सत्याचाच एक प्रकार आहे.

स्वस्तपणाचा प्रश्नही इथेच सुटतो. पितळेची, रेघ न् रेघ हुबेहूब प्रतिकृती पाहताना आपण क्षणभर विसरतो की हे इंजिन नाही. पुठ्ठा ते विसरू देत नाही. चिकटवलेली कड दिसते, कापताना हललेली रेघ दिसते. पार्थिव गणपतीच्या पूजेतही असाच विचार आहे. माती ही माती म्हणूनच आणली जाते, दीड दिवसाने वा दहा दिवसांनी पाण्यात जाते, आणि वस्तू म्हणजे देव असा घोटाळा व्हायला फारसा अवकाश राहत नाही. यावर प्रतिप्रश्न असा येईल, की मग खरे इंजिनच चौथऱ्यावर उभे करून ठेवावे. पुठ्ठ्याची उठाठेव कशाला? खऱ्या वस्तूच्या स्पर्शाला मोल आहेच. महानुभावांनी मूर्तीपेक्षा चक्रधरांचा स्पर्श झालेल्या वस्तू आणि ते जिथे बसले त्या जागांचे ओटे जपले, ते याच जाणिवेने. पण मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे आस का, चाक का, जू का? एकही भाग रथ नसतो. सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. इंजिनाला हे दुप्पट लागू आहे. वर्कशॉपमध्ये चाकांचे पाटे बदलतात, बॉयलरच्या नळ्या बदलतात, कधी अख्खा बॉयलर बदलतो. पुष्कळ वर्षे चाललेल्या इंजिनात पहिल्या दिवसाचे लोखंड किती उरले, हे सांगणे अवघड. शिवाय विस्तव विझवून चौथऱ्यावर चढवलेले इंजिन ॲरिस्टॉटलच्या कसोटीवर पुठ्ठ्याच्याच रांगेत बसते, कारण कामाची शक्ती दोघांतही नाही. जुने इंजिन जपावेच. पण त्याचे खरेपण लोखंडात आहे असे मानले, तर वर्कशॉप आपल्याला रोज खोटे पाडते. ते रचनेत आहे असे मानले, तर रचना पुठ्ठ्यातही मांडता येते.

धर्माच्या बाजूने याहून कडक आक्षेप येतो, आणि तोही याच जिल्ह्याच्या मातीतून. सोलापूरचे सिद्धरामेश्वर ज्या शिवभक्त शरणांच्या मेळ्यात होते, त्या बाराव्या शतकातल्या शरणांनी स्थावरापेक्षा जंगमाला, म्हणजे उभ्या केलेल्या दगडापेक्षा चालत्याबोलत्या जिवाला मोल दिले. नामदेवांनी आणि तुकारामांनीही दगडाच्या देवाला नवस करणाऱ्यांना खडसावले आहे. मग न चालणाऱ्या वस्तूची बाजू घेणे म्हणजे संतांनी जे मोडले ते पुन्हा उभे करणे नव्हे का? मला तसे वाटत नाही. संतांचा रोख दगडाच्या अचलपणावर नव्हता. दगडाकडे जे नाही ते त्याच्याकडे मागण्यावर आणि जिवंत माणसाला विन्मुख पाठवण्यावर होता. तेच नामदेव आणि तुकाराम पंढरीच्या विटेवरच्या मूर्तीपुढे उभे राहत होते. वारकऱ्याला गर्दीत गाभारा गाठता आला नाही, तर तो कळसाचे दर्शन घेऊन परततो. कळस म्हणजे विठ्ठल नव्हे, हे त्याला पक्के ठाऊक असते, तरी आपली वारी फुकट गेली असे त्याला वाटत नाही. प्रतिकृतीकडून इंजिनाची अपेक्षा न ठेवता तिच्यामार्फत इंजिनाकडे पाहणे हे त्याच जातीचे आहे. आणि शरणांनी श्रीमंतांच्या दगडी देवळांपेक्षा गरिबाच्या देहाला देऊळ मानले, हातच्या श्रमाला कायक म्हणून पूजेची जागा दिली. पुठ्ठा आणि डिंक यांची बाजू त्यांच्या दरबारात अगदीच पडती ठरू नये.

आता नैतिक आक्षेप. बार्शी लाइट ही लंडनच्या भागधारकांची कंपनी होती. तिने या भागातला माल आणि पंढरीचे वारकरी वाहिले ते धर्मादाय म्हणून नव्हे. सोलापुरी उन्हात भट्टीच्या तोंडाशी उभे राहून कोळसा टाकणाऱ्या फायरमनला ते दिवस रम्य वाटले असतील असे मानायला आधार नाही. ब्रॉडगेज व्हावे ही मागणी इथल्याच लोकांची होती, आणि ती योग्य होती. मग अशा इंजिनाची प्रतिकृती करणे म्हणजे जुन्या दुःखाला गोंडस करणे नव्हे का? धोका खरा आहे. पण तो प्रतिकृतीच्या न चालण्यात नसून करणाऱ्याच्या स्मरणात आहे. गतकाळ परत हवा असे म्हणणाऱ्याला रूळ, कोळसा आणि त्या उन्हात राबणारी माणसेही परत हवी असतात, तो हे बोलो वा न बोलो. न चालणारी प्रतिकृती यातले काहीच मागत नाही. गेलेली गोष्ट गेली हे मान्य करूनच ती बनते. केबिनमध्ये फायरमनची जागा मापाने करताना किती अरुंद फटीत तो माणूस वाकत आणि वळत असेल, हे बोटांना कळते. जाहिरातीतल्या धुराच्या चित्रावरून ते कळत नाही. गोंडस करायचेच असेल तर कोणतेही साधन पुरते. समजून घ्यायचे असेल, तर माप हे त्यातल्या त्यात कमी लबाड साधन आहे.

तरीही या कामाचा मोठेपणा वाजवीपेक्षा फुगवू नये. वस्तू निरुपयोगी आहे म्हणून ती करणे निष्काम कर्म ठरते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. करणाऱ्याला आनंद मिळतो, कौतुकाची आशा असते, आणि तेही फळच आहे. शरणांच्या कायकालाही दासोहाची, म्हणजे मिळालेले समाजात वाटण्याची अट होती. कपाटात बंद ठेवलेले इंजिन ती पुरी करत नाही. ज्या घरात वा शाळेत त्यावर बोट ठेवून ‘इथे आठ चाके का?’ असे कोणी विचारते आणि कोणी उत्तर देते, तिथे ती काही अंशी पुरी होते. तेव्हा ॲरिस्टॉटलचे म्हणणे मान्य करून टाकावे. पुठ्ठ्याचे इंजिन हे इंजिन नाही, जसा मातीचा बैल बैल नाही. चूक होते ती त्यापुढे, जेव्हा त्याला फक्त इंजिनाच्या कामाने मोजले जाते. त्याचे स्वतःचे काम वेगळे आहे, आणि त्या कामात ते पास होते की नापास हे तीन प्रश्नांनी ठरते. माप खरे आहे का? आपण कशाचे बनलो हे ते लपवते का? आणि पाहणाऱ्याला ते स्वतःपाशीच थांबवते, की कॅलथ्रॉपच्या हिशेबापर्यंत, फायरमनच्या घामापर्यंत, रूळ न आलेल्या गावांपर्यंत नेते? या तिन्हींची उत्तरे नीट देणारी पुठ्ठ्याची वस्तू खोटी म्हणता येणार नाही. आणि ज्या चालणाऱ्या वस्तूला ही उत्तरे देता येत नाहीत, तिला केवळ तिची चाके फिरतात म्हणून खरी म्हणायचेही कारण नाही.